कृशतेची मर्यादा

खेळाडूच्या अंगावर कमीत कमी किती मेद असला म्हणजे पुरे, हा प्रश्न अलीकडे व्यायामशाळांतून, क्रीडांगणांवरून आणि ज्या घरात एखादा होतकरू खेळाडू आहे अशा घरांतूनही वारंवार ऐकू येऊ लागला आहे. विचारणाराची अपेक्षा अशी असते की, वैद्याने किंवा वस्तादाने एक आकडा सांगावा, म्हणजे त्या आकड्यापर्यंत निर्धास्तपणे उतरता येईल. प्रश्न शरीराचा, तेव्हा उत्तरही शरीरशास्त्रानेच द्यावे, यात वरवर पाहता वावगे काही दिसत नाही. परंतु थोडा खोल विचार केला असता असे आढळून येते की, शरीरशास्त्र या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देऊ शकते. उरलेले अर्धे नीतिशास्त्राच्या प्रांतात पडते. कारण ‘कितीपर्यंत उतरता येईल’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून उतरावयाचे’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. या दोन्ही प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम मेदाविषयी. मेद म्हणजे आळशी माणसाच्या अंगावर साचलेला निरुपयोगी गाळ, अशी समजूत सुशिक्षितांतही बरीच रूढ आहे. ती खरी नाही. आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत स्थान दिले आहे, आणि चरकाने निंद्य अशा आठ शरीरांची गणना करताना अतिस्थूलाबरोबर अतिकृशालाही तितक्याच स्पष्टपणे गोवले आहे. अर्वाचीन शास्त्राचा निर्णय याहून निराळा नाही. अस्थींतील मज्जा, हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था या सर्वांत काही मेद असतोच. तो साठ्याचा नव्हे, तर शरीराच्या घडणीचाच भाग होय. अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के यांनी या अनिवार्य मेदाचे प्रमाण पुरुषात एकंदर वजनाच्या शेकडा 3 आणि स्त्रीत शेकडा 12 च्या सुमारास धरले आहे. स्त्रीचा आकडा मोठा, कारण निसर्गाने तिच्यावर दुसऱ्या जीवाच्या पोषणाचा भार टाकला आहे.

याच बेन्के यांनी 1942 साली व्यावसायिक फुटबॉलपटूंची तपासणी करून एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. लष्कराच्या वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतील बहुतेक जण फाजील वजनाचे म्हणून नालायक ठरत होते; परंतु पाण्यात बुडवून त्यांच्या शरीराची घनता काढली, तेव्हा त्यांच्या अंगी मेद नसून स्नायूच असल्याचे दिसले. तराजू सत्य सांगतो, पण सगळे सत्य सांगत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन नावाचे द्रव्य शोधून काढले. मेदाच्या पेशींतून निघून ते रक्तावाटे मेंदूकडे जाते, आणि घरच्या कणगीत धान्य किती शिल्लक आहे याची वर्दी देते. ही वर्दी कमी पडू लागली की मेंदू शहाण्या गृहिणीप्रमाणे खर्चाला कात्री लावतो. प्रजननाचे कार्य मंदावते, शरीराची ऊब कमी होते, अस्थींची डागडुजी थांबते. मेद हा नुसता साठा नाही. साठ्याविषयी बोलणारी ती एक वाणी आहे.

आता आकड्याकडे वळू. निरोगी पुरुषाचे शरीर किती खाली जाऊ शकते, याचे दोन कसोटीचे दाखले उपलब्ध आहेत. पहिला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचा. युद्धात भाग घेण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या 36 तरुणांनी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांच्या देखरेखीखाली 1945 साली सहा महिने अर्धपोटी राहण्याचे स्वखुशीने पत्करले. युद्धाने उपाशी पाडलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे कळावे म्हणून हा खटाटोप होता. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले, आणि मेद शेकडा 5 च्या आसपास आला. दुसरा दाखला अमेरिकन सैन्यातील रेंजर पथकाच्या उमेदवारांचा. आठ आठवड्यांचे कठोर शिक्षण आणि अपुरे अन्न यांच्या जोडीने त्यांचे शरीर कोठवर झिजते, हे 1994 साली प्रसिद्ध झाले. शेकडा 4 ते 6 हा तळ ठरला. त्याखाली शरीर मेदाऐवजी स्नायूच जाळू लागते. तेव्हा धडधाकट पुरुषाच्या बाबतीत ‘शेकडा 5’ हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते कोणत्या अर्थाने बरोबर आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ती सुखाने राहण्याची जागा नव्हे. अर्धपोटी माणसे सहा महिन्यांच्या शेवटी जेथे पोहोचली, ती ही जागा होय. विहिरीचा तळ किती खोल आहे, हे सांगणे म्हणजे तळाशी जाऊन बसण्याची शिफारस करणे नव्हे.

शिवाय हा आकडा मोजावयाचा कसा? चिमट्याने कातडीची घडी मोजा, पाण्यात बुडवा, की क्ष-किरणांच्या यंत्राखाली निजवा. कोणत्याही रीतीत दोन-चार टक्क्यांची चूक सहज पडू शकते. यंत्राने शेकडा 6 सांगितले तर प्रत्यक्षात ते 4 असू शकतील किंवा 9 ही. जेथे मर्यादा आणि मोजमापातील चूक यांचे आकारमान जवळपास सारखे, तेथे त्या मर्यादेच्या अगदी कडेवर उभे राहणे हे धैर्य नसून अविचार आहे.

परंतु आकड्यावरचा खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. स्त्रियांच्या बाबतीत रोझ फ्रिश यांनी 1974 साली असे मत मांडले की, ऋतुप्राप्तीला शेकडा 17 आणि मासिक धर्म नियमित चालण्यास शेकडा 22 इतका मेद लागतो. हे मत बराच काळ प्रमाण मानले गेले. पुढे त्याला उतरती कळा लागली. कारण एकाच प्रमाणात मेद असलेल्या दोन धावपटूंपैकी एकीचा मासिक धर्म सुरळीत चालतो आणि दुसरीचा थांबतो, असे अनुभवास येऊ लागले. अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या कोड्यावर प्रकाश पडला. व्यायामात खर्ची पडलेले उष्मांक वजा जाता शरीराच्या नित्य व्यवहारास किती उरतात, हा खरा प्रश्न होय. मेद वगळून उरलेल्या शरीराच्या दर किलोग्रॅममागे दिवसाला 30 उष्मांकांहून कमी उरले, तर तरुण स्त्रीच्या अंतःस्रावांची लय अवघ्या पाच दिवसांत बिघडू लागते.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. 50 किलोग्रॅम वजनाची एक मुलगी आहे. तिच्या अंगी मेद 10 किलोग्रॅम, म्हणजे शेकडा 20. कोणीही तिला कृश म्हणणार नाही. मेद वगळून तिचे शरीर 40 किलोग्रॅमचे, म्हणून तिच्या नित्य व्यवहारास निदान 1200 उष्मांक उरले पाहिजेत. ती रोज 700 उष्मांकांचा सराव करीत असेल, तर 1900 हे तिचे किमान अन्न झाले. परंतु वस्तादाच्या धाकाने ती 1500 वरच थांबते, आणि आईला वाटते, पोर काही उपाशी नाही. प्रत्यक्षात तिच्या शरीराला 800 च उष्मांक मिळतात, म्हणजे किलोग्रॅममागे 20. मेदाचा आकडा निर्दोष आहे, आणि मुलगी उपाशी आहे! उलट एखादा पुरुष धावपटू शेकडा 7 मेदावर पोटभर जेवून वर्षानुवर्षे ठणठणीत राहतो. ऑलिम्पिकच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2014 साली या ऊर्जेच्या तुटीलाच मूळ रोग मानले, आणि तो पुरुषांनाही जडतो हे मान्य केले.

येथे अ‍ॅरिस्टॉटलची आठवण होते. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सुवर्णमध्याचे विवेचन करताना तो मुद्दाम मल्लाचाच दाखला घेतो. एखाद्याला दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून वस्तादाने सर्वांना सहा माप वाढावे असे होत नाही. मायलोसारख्या पहिलवानाला ते अपुरे पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा वस्तूत नसतो, आपल्या संबंधाने असतो. अडीच हजार वर्षांच्या जवळपास जुना असा हा विचार आणि आजच्या प्रयोगशाळेतला निष्कर्ष हे एकाच ठिकाणी येऊन मिळावेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही मर्यादा ओलांडल्यास काय होते? हाडे ठिसूळ होतात, आणि तरुणपणी जो अस्थिसंचय व्हावयाचा राहून गेला तो पुढे पूर्णपणे भरून येईल याची खात्री नसते. विशीतल्या पदकाचे व्याज साठीत फेडावे लागते. हृदयाची गती मंदावते, जखमा लवकर भरत नाहीत, मन खिन्न होते. क्रिस्टी हेनरिच या अमेरिकन कसरतपटू मुलीला 1988 साली एका परीक्षकाने वजन कमी करण्यास सुचविले, असे सांगतात. ती सूचना पुढे व्याधी होऊन बसली. एक वेळ तिचे वजन 21 किलोग्रॅमपर्यंत खाली गेले, आणि 1994 च्या जुलैत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती मरण पावली. एका वाक्यानेच तिचा बळी घेतला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. अशा व्याधीची कारणे अनेक असतात. परंतु ते वाक्य बोलणाराला त्याची किंमत द्यावी लागली नाही, एवढे मात्र निश्चित.

मेद संपला आणि वजन अजून उतरवावयाचे उरले, म्हणजे मग पाण्यावर धाड पडते. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील महाविद्यालयांचे तीन तरुण मल्ल एकामागून एक मृत्युमुखी पडले. वजनाच्या गटात बसण्यासाठी त्यांनी अंग तापवून घाम गाळण्याचा मार्ग धरला होता. आपल्या देशात तर 2024 च्या ऑगस्टमधील पॅरिसची घटना कोणीच विसरलेले नाही. विनेश फोगाट यांनी 50 किलोग्रॅमच्या गटात, तोवर अजिंक्य गणल्या गेलेल्या जपानच्या युई सुसाकी यांना पहिल्याच कुस्तीत हरविले आणि त्याच दिवशी अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोजणीत वजन 100 ग्रॅमने अधिक भरले, आणि त्या बाद झाल्या. रात्रभर अन्नपाणी तोडले, घाम काढला, केसही कापले. तरी ते 100 ग्रॅम हटले नाहीत. सर्व देश त्या वेळी या 100 ग्रॅमांवर हळहळला. परंतु त्याआधी जे किलोग्रॅम उतरविले गेले होते, त्यांविषयी फारच थोड्यांनी विचार केला. ते 100 ग्रॅम निघाले असते, तर आपण त्या रात्रीला पराक्रम म्हटले असते. आणि प्रश्न तेथेच मिटला असता!

आता नीतीच्या प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, प्रौढ माणसाचे शरीर त्याच्या मालकीचे आहे; त्याने ते झिजवावे की जपावे, हे सांगणारे आपण कोण? मिल्लचा स्वातंत्र्यविषयक निबंध ज्यांनी वाचला आहे त्यांना हा युक्तिवाद परिचयाचा आहे, आणि तो सहजासहजी झटकून टाकण्यासारखाही नाही. हिमालय चढणारा गिर्यारोहक, समुद्र पोहून जाणारा पोहणारा यांना आपण अडवीत नाही. उलट त्यांचे सत्कार करतो. मग उपाशी राहून कुस्ती जिंकणाराच तेवढा दोषी का?

याला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, पर्वताचा धोका पर्वताचा आहे. तो माणसाने निर्मिलेला नाही. वजन उतरविण्याचा धोका मात्र सर्वस्वी माणसांनी केलेल्या नियमांतून उत्पन्न होतो. शिवाय त्यातून एकंदरीने कोणाचाच लाभ होत नाही. जत्रेत पुढचा माणूस टाचा उंचावून उभा राहिला की मागच्यालाही टाचा उंचवाव्या लागतात. अखेर सर्वांचे पाय दुखतात आणि पूर्वीइतकेच दिसते. सगळेच मल्ल एकेक गट खाली उतरले, तर त्यांची गाठ पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्यांशी पडते, फरक इतकाच की दोघेही अर्धमेले असतात. एकट्याने टाचा टेकल्या तर तो हरतो. म्हणून यातून सुटका व्हावयाची तर ती व्यक्तीच्या निश्चयाने नव्हे, सर्वांना बांधणाऱ्या नियमानेच होईल.

दुसरे उत्तर संमतीविषयी. मिल्लने हे स्वातंत्र्य अल्पवयीनांस दिलेले नाही. कसरतीत, पोहण्यात आणि धावण्यात नाव काढणाऱ्या मुली बहुधा बारा-पंधरा वर्षांच्या असताना त्यांच्या ताटाचा निर्णय दुसरे कोणी घेत असतात. पण प्रौढांच्या बाबतीतही एक सूक्ष्म अडचण आहे. मिनेसोटाच्या त्या 36 जणांची बुद्धी चाचण्यांत मंद ठरली नाही. तिची शक्ती शाबूत होती. बदलले होते ते तिचे विषय. ज्यांना पूर्वी राजकारण, धर्म, विवाह यांत रस होता, ते आता पाकशास्त्राची पुस्तके चाळू लागले. जेवणाशिवाय दुसरे काही त्यांना सुचेना. उपासमार माणसाची विचारशक्ती हिरावून घेत नाही, विचाराचे जग लहान करून टाकते. खेळाडूच्या बाबतीत हेच आकुंचन वजनाच्या काट्याभोवती होते. ज्याला ‘पुरे’ म्हणावयाचे असते, त्याच मनाचा एवढा संकोच झालेला असतो की, त्याला काट्यापलीकडचे आयुष्य दिसतच नाही. उपाशी माणसाने उपासाला दिलेली संमती ही कर्जबाजाऱ्याने नव्या कर्जाला दिलेल्या संमतीसारखी आहे. तीत सही त्याची असते, पण मोकळीक नसते. म्हणून मर्यादा ठरवावयाची ती पोट भरलेले असताना, हंगामापूर्वी, आणि ज्याचा पदकात वाटा नाही अशा माणसाच्या साक्षीने ठरविली पाहिजे.

तिसरे उत्तर न्यायाचे. आकडा सांगतो वस्ताद, आग्रह धरते संस्था, टाळ्या वाजवितो प्रेक्षक, आणि झिजते मात्र एकट्या खेळाडूचे हाड. ज्याला किंमत द्यावयाची नाही त्याने भाव ठरवावा, हे बाजारातही लबाडीचे समजतात.

आपल्या समाजात या विषयाला आणखी एक पदर आहे. उपवासाला आपण पुण्याची जोड दिली आहे, आणि देहदंडाकडे पाहून आपले हात आपोआप जोडले जातात. त्यामुळे अन्न टाकणारी मुलगी घरात तपस्विनी ठरते, आणि तिचा मासिक धर्म थांबला तर त्याचीही गणना साधनेच्या खुणांत होते. वस्तुतः ते शरीराने दिलेले पहिले आणि बहुधा सर्वांत स्पष्ट धोक्याचे चिन्ह आहे. आईने ते पाहताच वैद्याकडे जावे. आपल्या परंपरेचा साक्षीपुरावाही देहदंडाच्या बाजूचा नाही. गौतमाने वर्षानुवर्षे देह सुकवून पाहिला, आणि अखेर सुजातेची खीर स्वीकारूनच तो बोधिवृक्षाखाली बसला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाराला योग नाही म्हणून सांगितले आहे, तसेच मुळीच न खाणारालाही नाही म्हणून सांगितले आहे. आपण पहिला भाग मुलांना ऐकवितो आणि दुसरा विसरतो. आपल्या तालमींनी दूध, तूप, बदाम यांचा खुराक ही साधनेचीच बाजू मानली होती. त्या खुराकातही अतिरेक होता, हे खरे. परंतु ताट हे मल्लविद्येचे शत्रू आहे, असे त्या वस्तादांनी कधी शिकविले नाही.

उपाय नाहीत असे नाही. 1997 च्या त्या मृत्यूंनंतर अमेरिकन महाविद्यालयांनी घाम काढण्याचे रबरी पोशाख आणि तापविलेल्या खोल्या बंद केल्या. हंगामापूर्वी, अंगात पाणी पुरेसे आहे याची खात्री करून घेऊन, प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवावे, त्यात मेद शेकडा 5 हून कमी धरू नये, आणि आठवड्यास वजनाच्या शेकडा दीडपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये, असा दंडक घातला. बर्फावरून स्कीच्या फळ्यांवर उड्या मारण्याच्या खेळात हलके शरीर लांब तरंगते, म्हणून खेळाडू भयंकर कृश होऊ लागले होते. तेथे 2004 पासून उंचीच्या मानाने वजन फार कमी असल्यास फळ्याही आखूड वापराव्या लागतील, असा नियम झाला. यातील शहाणपण पाहण्यासारखे आहे. उपाशी राहू नका, असा उपदेश त्यांनी केला नाही. उपाशी राहण्यातला फायदाच काढून घेतला. सदाचाराचा मार्ग शूरांनाच चालता येईल इतका अवघड ठेवावयाचा आणि मग घसरणारांना दोष द्यावयाचा, यापेक्षा मार्गच थोडा सपाट करणे हे अधिक नीतीचे होय.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. 1948 साली लंडनला ते 52 किलोग्रॅमच्या गटात लढले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला 57 किलोग्रॅमच्या गटात लढून त्यांनी कांस्यपदक मिळविले. यावरून वरच्या गटात गेल्यानेच यश येते, असा सिद्धान्त कोणी काढू नये. मधल्या चार वर्षांचा सराव आणि अनुभव त्यामागे होता. परंतु वर जाणे म्हणजे माघार नव्हे, एवढे तरी आमच्या मुलांना त्यावरून अवश्य सांगता येईल.

तेव्हा मेद किती खाली जाऊ द्यावा, या प्रश्नाला विचारी माणसाचे उत्तर असे राहील: ज्या पातळीवर खेळाडू पोटभर जेवू शकतो, शांत झोपतो, ज्याच्या शरीराचे ऋतू आणि ज्याच्या मनाचे विषय शाबूत राहतात, ती त्याची पातळी, आणि ती आकड्याने नव्हे, त्या माणसाकडे पाहून ठरवावयाची असते. हे पाहणे ज्यांचे काम, त्यांना उद्देशून कालिदासाने एक सुंदर प्रसंग रचून ठेवला आहे. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वती पाने खाणेही सोडून तप करीत असता एक बटू तिच्याकडे येतो, आणि आपल्या शक्तीच्या बेताने तप करते आहेस ना, असे विचारतो; कारण धर्माचे पहिले साधन शरीर. हा बटू म्हणजे प्रत्यक्ष शंकर. ज्याच्यासाठी ती झिजत होती, त्यानेच येऊन हा प्रश्न विचारला. आमच्या मुलामुलींकडून जे तप मागतात, त्या वस्तादांनी, संस्थांनी आणि टाळ्या वाजविणाऱ्या आपण सर्वांनी, पदकाची चौकशी करण्यापूर्वी, हा प्रश्न त्यांना विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.